कापड्याला आलेलं इंजिन

रूपालीनं अकरा वर्षं महाडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड घासलं. टाक्या, नळ, शिड्या, कठडे, जे जे गंजतं ते ते. रंगकामाच्या ठेकेदाराकडं पंधरा माणसं होती, त्यात तीन बाया. बायांनी घासायचं आणि पुरुषांनी रंगवायचं, असा तिथला रिवाज. घासलेल्या लोखंडावर रंग चढण्याआधी मुंबईहून एक तपासनीस यायचा. भिंग लावून बघायचा, बोट फिरवायचा, पसंत पडलं नाही तर पुन्हा घासायला लावायचा. का पसंत पडलं नाही ते ठेकेदाराला समजावून सांगायचा. ठेकेदाराचं लक्ष फोनमध्ये असायचं. ऐकायची ती रूपाली.

ठेका संपला तशी माणसं पांगली. रूपालीचा नवरा मुंबईत, लेकही शिकायला तिकडंच, कापड्याच्या घरात ती आणि सासू गीताबाई अशा दोघीच. सहा महिने तिनं घरी काढले आणि मग महाडबाहेर, खाडीच्या अंगाला अनिल फिटरचं वर्कशॉप आहे, तिथं इंजिनाचे सुटे भाग धुवायच्या कामाला लागली. रोज सकाळी एसटीनं पोलादपूर, तिथून महाड. अनिल होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या हाताला गुण होता. इंजिन नुसतं ऐकून तो आतलं दुखणं सांगायचा. जोडून झालं की विपुल पेंटर येऊन त्यावर रंग उडवायचा. विपुलचा मूळ धंदा मोटारी रंगवायचा. त्याचं काम दिसायला झकास असायचं.

त्या वर्षी जूनमध्ये खाडीवरची तर, म्हणजे उतारूंची होडी, पावसासाठी बंद झाली आणि कुशाबा आपलं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आला. कुशाबा पासष्टीचा. पलीकडच्या तीन गावांना बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळं त्याच्या होडीवरून. रस्त्यानं यायचं तर चाळीस किलोमीटरचा वळसा. दोन सिलिंडरचं त्याचं इंजिन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं होतं, त्याच्या वडलांच्या वेळचं, आणि थंड राहायला खाडीचंच पाणी प्यायचं.

कुशाबानं रंगाखाली नख घातलं आणि पापडाएवढा तुकडा उचलून अनिलच्या हातावर ठेवला.

"अनिलशेट, साप वर्साला कात टाकतो. ह्यानं सहा म्हयन्यांत टाकली."

 अनिलनं लहान हातोडी घेतली आणि इंजिन खालपर्यंत ठोकत गेला. वरच्या अंगाला आवाज खणखणीत येत होता. खालच्या अंगाला, जिथं होडीतलं पाणी साचून राहतं, तिथं तो बसका झाला आणि हातोडीखाली गंजाची खपली गळून पडली.

"काका, इथली भिंत निम्मी झिजलीय," तो म्हणाला. "अजून एक हंगाम असाच गेला तर भोक पडेल. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही. आणि इंजिनाचं हे सगळं धड, हा ब्लॉक, आता कुठं मिळायचा नाही."

"मंग रंग जाड द्या."

"तीन हात देतो यंदा," विपुल म्हणाला.

रूपाली कोपऱ्यात डिझेलच्या घमेल्यात हात घालून बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "धा हात दिलं तरी राहायचा नाय."

तिघंही वळून बघायला लागले. आता बोललोच आहोत तर पुरतं बोलावं म्हणून ती हात पुसत उठली. तिनं तो रंगाचा तुकडा घेतला आणि उलटा करून उजेडात धरला. आतली बाजू तांबडी होती आणि तिच्यावर तेलाची चकाकी होती.

"हे बगा. रंग लोखंडाला लागलाच नाय. तो गंजाला आन तेलाला लागला. गंज सुटला, त्याच्यासंगती रंग बी गेला."

"मी पुसून घेतलं होतं," विपुल म्हणाला.

"पुसून भागत नाय, विपुलदादा. बिडाला बारीक छिद्रं असत्यात. त्यात खाडीचं मीठ जाऊन बसतं. ते आत हाय तवर गंज वर येतच राह्यचा."

कुशाबानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू कुठली गो?"

"कापड्याची."

"पोलादपूरच्या पल्याडची? डोंगरातली? तुला होडीतलं काय कळतं?"

"होडीतलं कायच कळत नाय, काका. गंजाचं कळतं."

अनिलला हसू आलं. पण त्याच्या हातात तो तुकडा होता, आणि तुकड्याची आतली बाजू ती म्हणाली तशीच होती. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरायच्या. त्याला अजून बराच अवकाश होता. "ब्लॉक मोकळा करून देतो," तो म्हणाला. "मागची शेड घे. बघू तुझं शास्त्र."

पहिले दोन दिवस रूपालीनं नुसतं तेल काढलं. कॉस्टिकच्या गरम पाण्यानं, मग साबणानं. तेलावर ब्रश फिरवला तर तेल छिद्रांत जाऊन बसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग आतल्या गुळगुळीत भागांना ग्रीस लावून, भोकांत लाकडी खुंट्या ठोकून तिनं गंज काढायला घेतला. टोकदार हातोडी, खरवडणी, तारेचा ब्रश. जिथं ग्राइंडर शिरत नव्हता तिथं दात घासायचा ब्रश. पाचव्या दिवशी ब्लॉक करडा, स्वच्छ, नव्यासारखा दिसायला लागला. शेवटी बोअरच्या पाण्यानं खळाखळा धुऊन, हवा मारून कोरडा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते, तर ब्लॉकवर मोहरीएवढे तांबडे ठिपके. सगळीकडं नाही, पण शेकड्यांनी.

तिनं पुन्हा घासलं, पुन्हा धुतलं. सकाळी पुन्हा ठिपके. तिसऱ्यांदा तिनं पाणी तापवून घेतलं आणि दिवसभर ओतत राहिली. सकाळी ठिपके होतेच, आणि आता तर आधी नव्हते तिथंही दिसत होते.

विपुल येऊन बघून गेला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही बरं वाटलं असणार. "देवी निघाल्यात त्याला," एवढंच म्हणाला. अनिलनं आवाज चढवला नाही. "रूपालीताई, रविवारपर्यंत बघ," तो म्हणाला. "मग मला विपुलला सांगावं लागेल." त्या दिवशी एसटीत तिनं खिडकीकडं तोंड करून सगळा रस्ता काढला. आपण फक्त घासणारी, उगाच तोंड उघडलं, असं तिच्या मनात येत राहिलं.

शनिवारी पावसानं पाण्याचे जार पोचले नाहीत, म्हणून वर्कशॉपातल्या पोऱ्यानं बोअरच्या पाण्याचाच चहा केला. अनिलनं पहिला घोट घेतला आणि थुंकला.

"मचूळ आहे. कुणी सांगितलं होतं हे पाणी घ्यायला?"

रूपालीच्या हातातला ग्लास ओठांपाशीच थांबला. खाडी हाकेच्या अंतरावर, तिचं खारं पाणी जमिनीतून बोअरला लागणारच. कारखान्यात टाकी घासून झाली की शेवटच्या धुण्याला वेगळा टँकर यायचा, शुद्ध केलेल्या पाण्याचा. बायांना त्याचं हसू यायचं. लोखंडाला म्हणे बिसलेरी. तपासनीस त्या पाण्याशिवाय टाकीला हात लावू द्यायचा नाही.

तिनं ग्लास खाली ठेवला. "अनिलभाऊ, मी मीठ धुवत नव्हते. मीठ लावत होते."

पावसाचं पाणी धरावं म्हटलं तर शेडचा पत्रा गंजलेला, पिंपं तेलकट. आणि तिला बादलीभर पाणी नको होतं, दोन दिवस अखंड वाहती धार हवी होती. ती कुठं आहे ते तिला माहीत होतं. तिच्या अंगणात. डोंगरातला पऱ्या, म्हणजे ओढा, पाइपानं तिथवर आणला होता आणि पावसाळाभर तो मनगटाएवढ्या धारेनं कोसळायचा.

अनिलनं मुदत वाढवून दिली, पण इंजिन कुशाबाचं, म्हणून तिनं त्याला फोन लावला.

"खाडीचं इंजिन डोंगरात न्यायचं?" तो म्हणाला. "लोक हसतील गो."

"हसूद्यात की, काका."

 कुशाबा म्हणाला, "मी संगती येतो."

टेम्पो कापड्याला पोचला तेव्हा लावणी ऐन भरात होती. ढोपरभर चिखलात वाकलेली माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रूपाले, होडी कुठं चालवणार गो, खाचरात?" कुणीतरी ओरडलं आणि सगळी खाचरं हसली. हसत हसतच चौघं वर आले, दोन बांबू घातले आणि तो ब्लॉक पालखीसारखा खांद्यावरून अंगणात नेला.

गीताबाई दारात उभी होती. "आन ह्याला ठेवायचं कुठं?"

"गोठ्यात, आई. बैल गेल्यापासून मोकळाच हाय."

गीताबाईनं कुशाबाकडं पाहिलं, इंजिनाकडं पाहिलं आणि गोठा झाडायला गेली.

कुशाबा पाइपाखाली गेला, ओंजळ भरून प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "ह्यात डाळ लवकर शिजत आसंल." मग त्याच टेम्पोनं खाली परतला.

दोन दिवस ब्लॉक त्या धारेखाली होता. रूपाली त्याची कूस बदलत होती, ब्रशनं छिद्रं उकलत होती, मधून चुलीवरचं कढत पाणी ओतत होती. तिसऱ्या दिवशी तिनं तो गोठ्यात घेतला, आणि तिथं नवीन अडचण उभी राहिली. आंबेनळी घाटाकडून ढग उतरून दारापर्यंत आले होते. फोन हवेतला ओलावा शहाण्णव टक्के दाखवत होता. तिनं कपड्यानं पुसून घ्यावं आणि डोळ्यांदेखत त्या करड्या लोखंडावर तपकिरी झाक चढावी. हे मीठ नव्हतं, ही नुसती हवा होती. पण रंग द्यायला लोखंड कोरडं हवं, आणि त्या हवेत कोरडं काहीच राहत नव्हतं.

ती उंबऱ्यावर बसून राहिली. गीताबाई तिच्याकडं बघत तांदूळ निवडत होती.

"काय झालं?"

"वाळत नाय, आई."

"पावसात बाळंतिणीची धडुती कशी वाळवतो आपण?"

रूपालीनं मान वर केली. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर उपडी दुरडी, दुरडीवर धडुती. तिची स्वतःची लेक तशाच ऊबदार कपड्यांत वाढली होती.

"ह्याला मावंल एवढी दुरडी कुठं हाय?"

"कणगी हाय की रिकामी," गीताबाई म्हणाली.

भात ठेवायची ती बांबूची जुनी कणगी दोघींनी ओढत आणली. ब्लॉकवरची तपकिरी झाक रूपालीनं पुन्हा घासून काढली. भोवती तीन शेगड्या ठेवल्या, वर कणगी उपडी घातली, तिच्यावर गोणपाट टाकलं. दिवसभर गीताबाईनं निखारे सांभाळले. धूर होऊ द्यायचा नाही, आच मोठी करायची नाही, हे तिला सांगावं लागलं नाही.

सकाळी रूपालीनं कणगी उचलली. लोखंड पाटीच्या दगडासारखं कोरडं, करडं होतं. एकही ठिपका नव्हता. तिचा विश्वास बसेना. तिनं गीताबाईला चष्मा घालून बोलावलं. गीताबाईनं दळणातले खडे बघावेत तसं सगळं इंजिन बघितलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"हा बग एक."

 रूपालीनं बोट फिरवलं. ठिपका पुसला गेला. कोळशाची राख होती ती. दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

मग मात्र तिनं वेळ दवडला नाही. शेगड्या अंगणापार नेऊन विझवल्या, कारण थिनरचा डबा आणि विस्तव एका छपराखाली नको. बीड तापायला वेळ लावतं तसं निवायलाही लावतं. ब्लॉक अजून बारीक ताप आलेल्या अंगासारखा कोमट होता. तिनं टेम्पोतून आणलेले प्रायमरचे दोन डबे, एक रंगाचा आणि एक त्याला घट्ट करणाऱ्या औषधाचा, एकत्र केले, ढवळले, अर्धा तास मुरू दिले. पहिला हात ब्रशनं. आधी सगळे कोपरे, धारा, बोल्टांच्या कडा, कारण धारेवर रंग थांबत नाही, दोन्हीकडं ओघळतो, आणि गंज पहिल्यांदा तिथंच तोंड काढतो. मग सपाट भाग, छिद्रांत घोटून घोटून. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, वेगळ्या रंगाचा, म्हणजे सुटलेली जागा लगेच कळते. त्याच्यावर दोन हात पांढरे. दोन हातांच्या मध्ये कणगी आणि ऊब, रंग देताना विस्तव बाहेर. अकरा वर्षं तिनं दुसऱ्यांना रंग देताना पाहिलं होतं. आता ब्रश तिच्या हातात होता. 

अनिल न्यायला आला तेव्हा गोठ्याच्या दारातच थांबला.

"पांढरं? इंजिनाला? चार दिवसांत काळं होईल."

"काळं होऊंदे. पुसलं की कळंल खाली काय चाललंय ते. काळ्या रंगाखाली गंज लपतो, अनिलभाऊ."

नारळी पौर्णिमेला कुशाबाची होडी पाण्यात उतरली. खाडीवरच्या बाकीच्या होडीवाल्यांनी ते पांढरं इंजिन बघून नवरीबाई, नवरीबाई म्हणून त्याची पाठ सोडली नाही. कुशाबानं ऐकून घेतलं. तो हंगाम रूपालीनं भाग धुण्यातच काढला. पौष गेला, शिमगा गेला, आंबे आले. खाडीवरून जाताना तिला धक्क्यावर उतरून इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडावंसं वाटायचं. पण तिनं कधी विचारलं नाही, आणि कुशाबानंही निरोप धाडला नाही.

जूनमध्ये खाडीवरची तर बंद झाली त्या दिवशी त्याचा फोन आला. "धक्क्यावर ये. अनिलशेटला बी आण, त्या रंगवाल्याला बी."

धक्क्यावर सहा होडीवाले जमले होते. कुशाबानं मुद्दाम कुणाला हात लावू दिला नव्हता. पेटी उघडली. इंजिन तेलानं, काजळीनं काळंकुट्ट झालेलं, खालच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा पांढुरका थर. "झाली का नवरीबाई काळी," एक जण म्हणाला.

रूपाली होडीत उतरली. तिनं डिझेलमध्ये चिंधी बुडवली आणि वरून पुसायला सुरुवात केली. चिंधीखालून पांढरा पट्टा निघाला. मग दुसरा.  ती खाली गेली, गुडघे टेकून, जिथं गेल्या वर्षी हातोडीखाली खपली पडली होती तिथं. मिठाचा थर बोटानं खरवडला, गोड्या पाण्यानं धुतला, पुसला. खाली रंग जसाच्या तसा, दुधासारखा.

फक्त पायाच्या बोल्टापाशी, पाना आपटला होता तिथं, नखाएवढा तांबडा डाग. कुशाबाचा चेहरा पडला. रूपालीचा उजळला.

"दिसला का? पांढरा हाय म्हनून दिसला. घासून दोन हात दिलं की झालं. पसरला बी नाय, बगा. रंगाच्या खाली घुसलाच नाय."

विपुल पुढं झाला. खिशातून ब्लेड काढून त्यानं विचारलं, "रूपालीताई, बघू का?" तिनं मान डोलावली. त्यानं भिंतीच्या मधोमध ब्लेडनं उभ्या-आडव्या रेघा मारल्या, बारीक जाळी केली, वर चिकटपट्टी दाबून बसवली आणि एका झटक्यात उपटली. पट्टी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. कोरी होती. त्यानं ती कुशाबाच्या हातात दिली आणि म्हणाला, "वीस वर्षं मी धुळीवर रंग मारला. लोखंडावर आज पहिल्यांदा बघतोय."

अनिलनं हातोडी घेतली. वरपासून खालपर्यंत ठोकत आला. भिंत होती तेवढीच होती. एका हंगामात तिचा कणही गेला नव्हता. तो उठला आणि बाकीच्या होडीवाल्यांकडं बघत म्हणाला, "ब्लॉक अजून पंधरा वर्षं चालेल. काम माझं नाही, यांचं आहे."

कुशाबा होडीच्या काठावर उभा राहिला. "मी हिला विचारलं होतं, डोंगरातली तू, तुला होडीतलं काय कळतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता माजं मीच सांगतो. चाळीस वर्सं मी खाडीत हाय, आन मला माज्या इंजिनाचं कळत नव्हतं." आणि त्यानं सगळ्यांसमोर तिला हात जोडले. रूपाली तेलकट चिंधी हातात धरून उभी. कुठं बघावं ते तिला कळेना, म्हणून तिनं पुन्हा इंजिन पुसायला घेतलं. डोळे भरले होते, आणि ते पुसायला दोन्ही हात काळे होते.

त्या पावसाळ्यात नऊ इंजिनं कापड्याला आली. भाग धुवायच्या कामाला अनिलनं दुसरा माणूस बघितला. रूपालीनं ठेकेदाराकडच्या जुन्या मैत्रिणींना, सारिकाला आणि आवडीला, बोलावून घेतलं. गोठ्याला नवीन छप्पर झालं, बुरुडाकडून खास मापाच्या दोन कणग्या आल्या, आणि शेगड्यांवर गीताबाईचा असा अंमल की तिला विचारल्याशिवाय कुणी चिमटा उचलत नाही. दर मंगळवारी विपुल येतो, बाया घासतात तिथं त्यांच्या रांगेत बसतो आणि घासतो. लावणीतली माणसं आता टेम्पोचा आवाज आला की न सांगता बांबू घेऊन वर येतात.

आणि पाऊस सरल्यावर कुशाबाची खाडीवरची तर पुन्हा सुरू झाली. होडीत कुणी नवीन उतारू दिसला, की मधल्या प्रवाहात तो पेटीचं झाकण उघडून त्याला इंजिन दाखवतो, हात लावू देतो आणि सांगतो, "डोंगरातल्या पाण्यानं न्हालेलं हाय ते." उतारूला काही कळत नाही. मग कुशाबा पलीकडचा धक्का येईपर्यंत त्याला सगळं सांगत बसतो.